आजोबांची विडी आणि दीड लाख मुंबईकर

“सर, आमचे आजोबा दिवसाला एक बंडल विड्या ओढत. तरीही ते पंच्याऐंशी वर्षे जगले. मग तंबाखू वाईट कशी?” हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. विचारणारा चेष्टा करीत नसतो. त्याने आजोबांना डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि जे डोळ्यांनी दिसते त्यावर विश्वास ठेवावा असे आम्हीच त्याला प्रयोगशाळेत शिकवलेले असते. म्हणून या प्रश्नाला “मोठ्यांचे ऐकावे” अशा थाटाचे उत्तर देणे मला पसंत नाही. प्रश्न शास्त्रीय आहे, तेव्हा उत्तरही शास्त्रीयच हवे.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे प्रथम माझ्या विषयातले एक उदाहरण देतो. किरणोत्सारी पदार्थाचा एक अणू आपल्यापुढे आहे असे समजा. तो केव्हा फुटेल? पुढच्या क्षणी फुटेल किंवा हजार वर्षे तसाच राहील. जगातला कोणताही शास्त्रज्ञ हे सांगू शकत नाही. पण अशाच अब्जावधी अणूंचा ढीग समोर ठेवा, म्हणजे त्यांतले निम्मे किती काळात फुटतील हे दशांश चिन्हापुढच्या अंकांसह सांगता येते. एखादा अणू फार काळ टिकला म्हणून अर्धायुष्याचा नियम खोटा ठरला असे कोणी म्हणत नाही. आजोबा हे त्या एका अणूसारखे आहेत. नियम शोधायचा तर ढीग पाहिला पाहिजे. माणसांच्या बाबतीत असा ढीग मिळवायचा कसा आणि तो मोजायचा कसा, हाच खरा प्रश्न आहे. याचे उत्तर शोधण्याचे फार मोठे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र त्याचा पत्ता नसतो, याचे मला वाईट वाटते.

तोंडाचा आणि घशाचा कर्करोग आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, हे मुंबईच्या डॉक्टरांच्या पूर्वीच ध्यानात आले होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे थोर विकृतिशास्त्रज्ञ मुंबईत कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख होते. ते आणि त्यांचे सहकारी डॉ. संघवी व राव यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत सोपी होती. कर्करोग झालेल्या लोकांना आणि न झालेल्या लोकांना तंबाखूच्या सवयी विचारायच्या आणि दोन्ही गटांतील प्रमाणांची तुलना करायची. तंबाखू खाणे व ओढणे यांचा या रोगांशी संबंध असल्याचे त्यांना स्पष्ट दिसले. हेच संशोधन केंद्र पुढे नाव बदलून टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून आमच्या पनवेल तालुक्यात, खारघरला आले. रोज लोकलने त्याच्या जवळून जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

पण या पद्धतीत एक उणीव आहे. इथे आपण रोगापासून सुरुवात करून मागे वळून पाहतो. आजारी माणूस स्वाभाविकपणे आपल्या आजाराचे कारण शोधत असतो, त्यामुळे जुन्या सवयी तो अधिक बारकाईने आठवतो. निरोगी माणूस “खातो कधीमधी” म्हणून मोकळा होतो. शिवाय जे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचे काय? मागे वळून पाहण्यात आठवणीचा आणि निवडीचा असा दुहेरी दोष शिरू शकतो. तो टाळायचा असेल तर वेळ उलटा करावा लागतो. निरोगी माणसांपासून सुरुवात करायची, त्यांच्या सवयी आजच लिहून ठेवायच्या, आणि मग वाट पाहायची. पाच वर्षे, दहा वर्षे, लागली तर पन्नास वर्षे.

पन्नास वर्षे ही अतिशयोक्ती नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली देशातील सर्व डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरे दिली. १९५४ साली पहिला हिशेब झाला, तेव्हा पस्तिशीपुढच्या पुरुष डॉक्टरांत ७८९ मृत्यू झाले होते. त्यांपैकी ३६ फुप्फुसाच्या कर्करोगाने झाले होते आणि या ३६ जणांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. आरंभी डॉल यांना संशय होता तो मोटारींच्या धुराचा आणि रस्त्यांवरील डांबराचा! आकड्यांनी त्यांना तंबाखूकडे नेले. या पाहणीचा पन्नास वर्षांचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा डॉल स्वतः नव्वदी ओलांडलेले होते. सतत सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी घटते, आणि तिशीत सवय सोडली तर यातले जवळजवळ सारे नुकसान टळते, असे त्या अहवालात आहे.

आता मुंबईकडे वळू. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटली की आपल्याला डॉ. होमी भाभा, विश्वकिरण आणि अणुविज्ञान आठवते. पण याच संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता हे वाचून तुम्हांला आश्चर्य वाटेल. डॉ. फली मेहता हे त्याचे प्रमुख. कोपनहेगनचे डॉ. जेन्स पिंडबोर्ग यांच्या साहाय्याने त्यांनी खेड्यापाड्यांतल्या लोकांची तोंडे तपासण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला. पुणे जिल्ह्यातील पाहणीचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या खेडुतांची संख्या होती १,०१,७६१! दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता दंतवैद्य घरोघर गेले, हे यातले महत्त्वाचे. तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणून तो दाखवायला कोणी दवाखान्यात जात नाही. तो पाहायचा तर आपणच उंबरठ्यावर जावे लागते.

याच विभागातील संख्याशास्त्रज्ञ डॉ. प्रकाश गुप्ता यांनी पुढे जे काम हाती घेतले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. १९९१ ते १९९७ या काळात मुंबई शहरातील पस्तीस वर्षांवरील १,४८,१७३ स्त्री-पुरुषांची नोंद करण्यात आली. माणसे निवडली ती मतदारयाद्यांवरून. पाहणी करणारे हातात मावेल एवढा छोटा संगणक घेऊन घरोघर जात आणि वय, शिक्षण, वजन, उंची व तंबाखूची सवय यांची नोंद करीत. नंतर सरासरीने पाचएक वर्षांनी ते पुन्हा त्याच दारात गेले. आता प्रश्न साधा होता: ती व्यक्ती हयात आहे का? नसेल तर केव्हा वारली? मृत्यूचे कारण महानगरपालिकेच्या नोंदींतून शोधले गेले.

मृत्यूचीच मोजणी का केली, असे तुम्ही विचाराल. रोग कोणता होता याविषयी दोन डॉक्टरांचे दुमत होऊ शकते. माणूस जिवंत आहे की नाही याविषयी होत नाही. मोजमाप करताना ज्यात कमीत कमी वाद आहे अशी राशी निवडावी, हे प्रत्येक प्रयोगवहीत लिहिण्यासारखे तत्त्व आहे.

दीड लाख माणसे कशाला, हजारात भागले नसते का? नसते. आमच्या प्रयोगशाळेत गायगर गणित्राने किरणांचे ठोके मोजताना विद्यार्थी एक नियम शिकतात. ठोके १०० मोजले तर त्यात सुमारे १० ची, म्हणजे शंभराच्या वर्गमुळाएवढी, चूक केवळ योगायोगाने होऊ शकते. ही झाली १० टक्के. ठोके १०,००० मोजले तर चूक १०० ची, म्हणजे १ टक्का. मृत्यूंच्या मोजणीलाही हाच नियम लागू आहे. एका गल्लीत विडी ओढणारे तीन वारले आणि न ओढणारे दोन वारले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या वर्षी उलटेही होईल. मुंबईच्या पाहणीत तेरा हजारांवर मृत्यूंची नोंद झाली. १३,००० चे वर्गमूळ सुमारे ११४, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. या तेरा हजारांचे वय, लिंग, सवय असे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यातली चूक वाढते. म्हणून तर सुरुवातीचा ढीग एवढा मोठा लागतो.

आणि असे तुकडे पाडावेच लागतात. कारण असे की विडी ओढणारे आणि न ओढणारे हे दोन गट इतर सर्व बाबतींत सारखे नसतात. बॉईलचा नियम पडताळताना आपण तापमान स्थिर ठेवतो. दाब आणि तापमान दोन्ही एकदम बदलले तर आकारमान कशामुळे बदलले ते कळणार नाही. माणसांच्या बाबतीत सर्वांचे वय स्थिर ठेवणे शक्य नाही, सर्वांना सारखा पगार देणेही शक्य नाही. तेव्हा ‘तापमान स्थिर ठेवण्याचे’ काम कागदावर करावे लागते. चाळिशीतल्यांची तुलना चाळिशीतल्यांशीच, साठीतल्यांची साठीतल्यांशीच. चौथी शिकलेल्यांची चौथी शिकलेल्यांशी, पदवीधरांची पदवीधरांशी. प्रत्येक तुकड्यात फरक पाहायचा आणि शेवटी सारे एकत्र करायचे. हे केल्याशिवाय ज्या कोणी आकडे दिले असतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे सगळे करून मुंबईच्या पुरुषांत काय आढळले? तंबाखूपासून दूर असलेल्यांचा मृत्युदर १ मानला, तर सिगारेट ओढणाऱ्यांचा १.३७ आणि विडी ओढणाऱ्यांचा १.६४. याचा अर्थ नीट समजून घ्या. ठरावीक वर्षांत तंबाखू न वापरणाऱ्या हजार माणसांपैकी १०० वारतात असे धरले, तर त्याच वयाच्या हजार विडीवाल्यांपैकी १६४ वारतील. म्हणजे विडी ओढूनही त्या हजारांतले ८३६ जण जिवंत असतील, आणि त्यांपैकी प्रत्येकाला नातवंडे असू शकतील! पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा या आकड्याशी मुळीच विसंगत नाहीत. मात्र जे ६४ जण जास्तीचे गेले त्यांची नातवंडे वर्गात उभी राहून ‘आमचे आजोबा विडीमुळे गेले’ असे सांगत नाहीत. कारण त्या १६४ पैकी ते ६४ नेमके कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. संख्याशास्त्राला दिसणारी ही माणसे डोळ्यांना दिसत नाहीत.

विडीविषयी आपल्याकडे एक समजूत आहे. विडी पानात वळलेली, ‘देशी’, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य. ही समजूत वरच्या आकड्यांनी पार ढासळते. पण याच्या उलट टोकाला जाऊन ‘विडी सिगारेटपेक्षा जास्त घातक हे सिद्ध झाले’ असे म्हणायला मी थोडा कचरेन. विडी ओढणारा बहुधा गरीब असतो, आणि गरिबीतले सारे हाल शिक्षणाच्या रकान्यात मावत नाहीत. आकडा जेवढे सांगतो तेवढेच घ्यावे. याच पाहणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मरण्याचे प्रमाणही दुपटीहून अधिक आढळले. क्षयाचे जंतू डॉ. कॉख यांनी १८८२ सालीच दाखवले होते. जंतू सापडला म्हणजे कारण संपले असे आपण समजतो, पण एकाच जंतूच्या तडाख्यातून कोण वाचतो आणि कोण नाही, हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही.

आता एका शंकेचा विचार करू. संख्याशास्त्राचे पितामह म्हणावेत असे रोनाल्ड फिशर यांनीच ती काढली होती. ते म्हणाले, कदाचित एखाद्या आनुवंशिक गुणामुळे माणसाला धूम्रपानाची ओढ लागत असेल आणि त्याच गुणामुळे कर्करोगही होत असेल. मग बिचाऱ्या सिगारेटचा दोष काय? फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू कारखानदारांचे सल्लागारही होते. पण तेवढ्यावरून शंका उडवून लावणे बरोबर नाही. शंकेला उत्तर द्यायला हवे आणि ते मिळाले आहे. जो जास्त ओढतो त्याला धोका जास्त, जो सोडतो त्याचा धोका कमी होत जातो. सवय सोडल्याने आनुवंशिक गुण काही बदलत नाहीत. आपल्याकडचा पुरावा तर आणखी गमतीचा आहे. तंबाखूची गोळी ज्या गालात धरून ठेवण्याची सवय, बहुधा त्याच बाजूला रोग उद्भवतो. आनुवंशिक गुणाला डावा गाल कोणता आणि उजवा कोणता हे कसे कळणार?

याहूनही पक्का पुरावा म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग. पण प्रयोगासाठी कोणाला तंबाखू खायला लावणे हे पाप होईल. सोडायला लावणे मात्र चालते. टाटा संस्थेच्या याच मंडळींनी केरळ, गुजरात आणि आंध्र प्रदेशातील ३६,४७१ तंबाखू सेवन करणाऱ्या ग्रामस्थांना समजावून सांगण्याची मोहीम हाती घेतली आणि वर्षानुवर्षे त्यांची तोंडे तपासली. तुलनेसाठी त्याच भागांतल्या आधीच्या पाहणीतील माहिती वापरली. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत निष्कर्ष आले. ज्यांनी सवय सोडली त्यांच्यात पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण घटले होते. कर्करोगाची ही पूर्वखूण कमी झाली, हे रोग होण्याची वाट न पाहता कळले.

कोकणातल्या वाचकांना एक आकडा मुद्दाम सांगायचा आहे. तव्यावर तंबाखू भाजून तिची काळी पूड करायची आणि ती दातांना लावायची, ही मशेरी आपल्या अनेक घरांत अजून आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ‘दात घासते’ एवढेच म्हणतात. डॉ. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांच्या बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. २००४ साली आलेल्या त्यांच्या अहवालानुसार मशेरीसारखी धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅमनी कमी भरले. कोणी म्हणेल, १०५ ग्रॅम म्हणजे एक लिंबू किंवा दोन! पण सरासरी सरकली की सगळा आलेखच डावीकडे सरकतो. अडीच किलोच्या आत जन्मलेले बाळ कमी वजनाचे धरतात. जी बाळे २,५०० ते २,६०० ग्रॅमची झाली असती, ती सारी या रेषेखाली ढकलली जातात. आपल्या देशात पुष्कळ बाळांचे वजन याच रेषेच्या आसपास असते, त्यामुळे एवढ्याशा सरकण्याने बाधित होणारी बाळे थोडीथोडकी नसतात. आजीला हे सांगताना मात्र तिला दोष देऊ नका. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.

नववी-दहावीच्या गणितात सांख्यिकीचे प्रकरण असते. त्यात मध्य, मध्यक, बहुलक काढायला मुले उत्तम शिकतात. उदाहरणे असतात ती परीक्षेतल्या गुणांची नाही तर दुकानातल्या विक्रीची. शिक्षक मित्रांना माझी सूचना आहे की वरचे १०५ ग्रॅमचे उदाहरण एकदा फळ्यावर आलेख काढून सोडवून पाहा. महाराष्ट्रात तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० च्या पाहणीत ३१.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्के झाले. मधल्या काळात, २०१२ साली, राज्यात गुटख्यावर बंदी आली होती. बंदीमुळेच प्रमाण घटले का? हा प्रश्न वर्गाला विचारा आणि लगेच उत्तर देऊ नका. बॉईलचा नियम आठवणारा एखादा मुलगा किंवा मुलगी ‘दुसरे काय काय बदलले होते?’ असे विचारील.

पनवेलला आणखी एक बोलणे कानी येते. तळोज्याच्या कारखान्यांमुळे आजार वाढले, असे लोक खात्रीने सांगतात. कारखान्यांची बाजू घेणारे तितक्याच खात्रीने नाही म्हणतात. शंका रास्त आहे, आणि दूषित हवापाण्यावर उपाय करायला कर्करोगाच्या आकड्यांची वाट पाहण्याची गरज नाही. पण कोणता आजार, कोणत्या वयात, कोणत्या वस्तीत, दर लाखामागे किती, याची वर्षानुवर्षे नोंद असल्याशिवाय वादाचा निकाल लागत नाही. मुंबईत कर्करोगाची अशी नोंदवही १९६३ सालापासून ठेवली जात आहे. म्हणून तिथे ‘वाढला’ म्हटले की किती वाढला आणि लोक अधिक वर्षे जगू लागल्यामुळे किती वाढला, हे वेगळे काढता येते. नोंदवही आज सुरू केली तर उत्तर वीस वर्षांनी मिळेल. हे ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो. माझ्या मते सुरू करायला आज हाच दिवस योग्य, कारण उद्या सुरू केली तर एकवीस वर्षांनी मिळेल.

मुंबईच्या त्या पाहणीत एक गट मात्र मोजलाच गेला नाही. उच्च मध्यमवर्गीयांची आणि श्रीमंतांची संकुले सोडून द्यावी लागली, कारण फाटकावरच्या सुरक्षाव्यवस्थेतून आत जाणे पाहणी करणाऱ्यांना शक्य नव्हते. चाळींतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांनी दारे उघडली, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांवर आपण आज हे सारे बोलतो आहोत. आता पनवेलमध्येही तसेच उंच मनोरे आणि तसेच पहारेकरी झाले आहेत. उद्या अशा एखाद्या पाहणीचा माणूस तुमच्या घरी आला तर त्याचे ओळखपत्र जरूर पाहा, पण त्याला आत घ्या, पाणी द्या आणि आजीचे वय ‘साठ असेल’ असे सांगू नका. आपल्याकडे साठ आणि पासष्ट वर्षांची माणसे कागदावर फार असतात, एकसष्ट आणि त्रेसष्ट वर्षांची फारच कमी. तिच्या थोरल्या भावाचा जन्म कोणत्या वर्षीचा, तिचे लग्न कोणत्या साली झाले, हे विचारून खरे वय काढा. पाहणीवाला तेवढा वेळ थांबेल.